तुंबा आणि कुंभा

बहुतेक रोपांचा देठ चिमटीत धरून फिरवला की तो गुळगुळीत गिरकी घेतो. हा घेत नव्हता. बोटाला एक कड लागायची, मग सपाट बाजू, मग पुन्हा कड. आगकाडीसारखा चौकोनी देठ. श्रावणातला शनिवार होता, बाजरी गुडघ्याच्या वर आली होती आणि दोन ओळींच्या मध्ये उकिडवी बसून मी तो देठ पुनःपुन्हा फिरवून बघत होते. समोरासमोर दोन पानं, वरच्या पेरावर पुन्हा दोन, पण खालच्यांना आडवी. आणि शेंड्याकडे हिरव्या गुच्छातून डोकावणारी पांढरी फुलं.

"मावशी, हे काय आहे?"

"त्यो तुंबा," मावशी म्हणाल्या. खुरपं थांबलं नाही.

पलीकडच्या ओळीतून त्यांच्या जाऊबाईंनी मान वर करून पाहिलं. "कुंभा हाय त्यो."

दोघींत वाद झाला नाही. दोघी पुढं सरकल्या. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'पांढऱ्या फुलाचं तण. स्थानिक नाव तुंबा किंवा कुंभा. नावाबद्दल एकमत नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना आपण काहीतरी नीट नोंदवतोय याचं समाधान वाटलं होतं. त्या वाक्याबद्दल आज मला मनापासून वाईट वाटतं, आणि हा लेख त्या वाक्याच्या दुरुस्तीसाठी आहे.

जमीन सासवडच्या पुढे, आत एका लहान गावात. दीड एकर. वडिलांच्या काळापासून वाट्यानं करणारं कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला गेलं आणि रान पडीक पडायची वेळ आली. मी पुण्यात नोकरी करते. शनिवार-रविवार तिकडे जायला लागले. पावसाळ्यात बाजरी आणि थोडा मूग, पुढे जमलं तर वाटाणा. खुरपणीला तीन-चार बायका यायच्या. मावशी त्यांच्यात थोरल्या, सत्तरीच्या घरातल्या. लहानपणी मी या रानात फक्त सुट्टीला येई, तेव्हा मला गवत म्हणजे गवत एवढंच माहीत होतं. आता ओळीतून सरकताना समजायला लागलं की गवत असं काही नसतंच. लव्हाळा असतो, हरळी असते, केना, घोळ, कुंजीर, आघाडा, माका असतो. प्रत्येकाचं मूळ वेगळं धरतं, प्रत्येकाला खुरपं वेगळं लागतं. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की दहा दिवसांत तो परत हजर. केना कापून चालत नाही, उचलून बांधावर टाकावा लागतो, नाहीतर पेराला मुळं फुटून जागच्या जागी जगतो. या पांढऱ्या फुलाच्या तणाला मात्र जोर लागत नाही. हलकंच ओढलं की मुळासकट हातात येतं. वर्षाचं झाड आहे. पावसात उगवतं, दिवाळीनंतर वाळायला लागतं, आणि सगळा भरवसा बियांवर ठेवून जातं.

त्या संध्याकाळी मी हातातल्या चार-पाच फांद्या वर्तमानपत्रात दाबून पुण्याला आणल्या. फोनवरच्या एका ॲपला फोटो दाखवला तर त्यानं तीन नावं सुचवली, त्यात एक तुळस होती. त्याला दोष देता येत नाही. फोटो वरून काढला होता, आणि वरून पाहिलं तर हिरवं नि पांढरं एवढंच दिसतं. हे झाड ओळखायचं तर ते हातात घ्यावं लागतं, फाडावं लागतं, चुरगळून हुंगावं लागतं.

चौकोनी देठ ही पहिली खूण. अंगणातल्या तुळशीचा कोवळा देठ फिरवून बघा, तोही चौकोनी लागेल. पुदिना, सब्जा, मरवा, पानओवा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कोपऱ्यांमध्ये बळकट पेशींचे पट्टे असतात, म्हणून कडा बोटाला टोचतात. पण देठ चौकोनी म्हणजे कुळ ठरलं असं मानू नये. घाणेरीचा देठही चौकोनी असतो आणि ती या कुळातली नाही. ओढ्याकाठच्या कोळसुंद्याचाही चौकोनीच असतो. म्हणून दुसरी खूण बघायची, समोरासमोर आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी अशी पानं. तिसरी, पेराभोवती कडं केल्यासारखी फुलं. चौथी, फुलाला दोन ओठ. आणि मला सगळ्यांत आवडलेली पाचवी खूण म्हणजे फूल गळून गेल्यावर खालच्या हिरव्या पेल्यात वाकून बघायचं. तळाशी चार इवल्या बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. घाणेरीत हे दिसत नाही, तिला मण्यांसारखी गरदार फळं येतात. कोळसुंद्याला बोंड येतं.

या चार बियांना स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसही फसला होता. अठराव्या शतकात त्यानं वनस्पतींची वर्गवारी पुंकेसर मोजून केली. दोन लांब नि दोन आखूड पुंकेसर असलेल्यांचा त्यानं एक वर्ग केला, आणि त्यातल्या या मंडळींना 'उघड्या बियांची' म्हटलं. कारण पेल्यात डोकावलं तर बियाच सरळ पडलेल्या दिसतात, फळाचं आवरण कुठं दिसत नाही. प्रत्यक्षात त्या बिया नव्हेत, एका फळाचे चार तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात बी आहे. मी टाचणीनं त्यातला एक तुकडा फोडून बघायचा प्रयत्न केला. तो टेबलावरून उडाला आणि सापडला नाही, दुसरा फुटला. भिंगाखाली आतलं पांढरं बी दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

कुळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. साग आता याच कुळात मोडतो. निर्गुंडी आणि शिवणही. पूर्वी ही झाडं घाणेरीच्या कुळात धरली जात, अलीकडच्या अभ्यासानं ती तुळशीच्या घरात आली. सागाची कोवळी फांदी हातात धरून बघा, तीही चौकोनी असते. वीतभर तण आणि वाड्याची तुळई एका घरची आहे हे कळल्यावर मी दाराच्या जुन्या सागवानी चौकटीवरून बराच वेळ हात फिरवत उभी होते.

आता फूल. रानात ते पांढरा ठिपका असतं, भिंगाखाली त्याचं घर होतं. वरचा ओठ टोपडं घातल्यासारखा पुढं झुकलेला, आणि त्यावर दाट पांढरी लोकर. लोकरच म्हणायला हवं. लव म्हटलं तर कमी पडतं. टोपड्याच्या आत नारिंगी टोकांचे चार पुंकेसर लपलेले. खालचा ओठ त्याच्या दुप्पट लांब, मधली पाकळी ओसरीसारखी पसरलेली. मधमाशी या ओसरीवर उतरते, नळीत सोंड घालते, आणि टोपडं तिच्या पाठीवर पराग टेकवतं. नळीच्या तळाशी थेंबभर मध असतो. गावाकडे वाढलेल्या कित्येकांनी ही फुलं उपटून मागच्या टोकानं चोखलेली असतात. मी पन्नाशीला येऊन चोखलं. गोड होतं, आणि इतकं थोडं की खरंच गोड लागलं का हे बघायला दुसरं फूल घ्यावं लागलं.

या झाडाचं संस्कृत नाव द्रोणपुष्पी. फुलाचा पेला पळसाच्या पानाच्या द्रोणासारखा, म्हणून. या पेल्यापाशीच माझी गाडी अडली.

पुस्तकं उघडली होती. आपल्या भागातल्या वनस्पतींसाठी अजूनही थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतीकोशाकडे जावंच लागतं. कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राचार्य होते, इंजिनिअर माणूस. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं छापून झाला. त्यातली वर्णनं वाचताना दम लागतो, पण प्रत्येक शब्दामागे हातात धरलेलं झाड आहे हे जाणवतं. वंश सापडला. ल्युकस. ग्रीकमध्ये पांढरा या अर्थाच्या शब्दावरून आलेलं नाव, रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० मध्ये दिलेलं. जातीवर आले आणि काही जुळेना. एका वर्णनात पानं अरुंद, चिंचोळी, पेला वाकडा, पेल्याचं तोंड तिरकं कापलेलं आणि वरचा दात पुढं आलेला. दुसऱ्या वर्णनात पानं रुंद, कडेला दातेरी, आणि फुलं शेंड्याला एका मोठ्या गोल गेंदात, ज्याच्या खाली छदं, म्हणजे फुलांखालची पानांसारखी पाती, एकावर एक बसलेली. माझ्या वर्तमानपत्रातल्या फांद्यांना दोन्ही वर्णनं थोडी थोडी लागू पडत होती. अरुंद पानं होती, रुंदही होती. मी समजूत करून घेतली की कोवळी पानं अरुंद आणि जुनी रुंद असतील. दोन रात्री मी या समजुतीवर काढल्या.

तिसऱ्या रात्री सगळ्या फांद्या पांढऱ्या कागदावर एका ओळीत मांडल्या आणि पेल्यांची तोंडं एकामागून एक बघितली. तिरकं, तिरकं, सरळ, तिरकं, सरळ. तिरक्या तोंडाच्या सगळ्या फांद्यांना चिंचोळी पानं होती, हाताला खरखरीत लागत होती, फुलांची कडी लहान होती. सरळ तोंडाच्या दोन फांद्यांना रुंद पानं आणि लिंबाएवढा गेंद होता. एकच झाड समजून मी दोन झाडं आणली होती.

आणि मग तो शनिवार डोळ्यांपुढं परत आला. माझ्या मुठीत दोन्हीच्या फांद्या होत्या. मावशी माझ्या डावीकडे होत्या, त्यांना अरुंद पानांची फांदी दिसत होती. जाऊबाई उजवीकडे होत्या. दोघींनी आपापल्या समोर जे होतं त्याचं नाव सांगितलं होतं. दोघी बरोबर होत्या. म्हणून तर वाद झाला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी नीट विचारलं, "तुंबा कोणता आणि कुंभा कोणता?" मावशींना प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांबवून एक उपटलं, थोडं पुढं सरकून दुसरं उपटलं आणि दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवली. "ह्यो तुंबा, खरखरीत. ह्यो कुंभा, ह्येला डोकं असतं. भाजी ह्येची." तीन वाक्यं. लॅटिनमध्ये पहिल्याचं नाव ल्युकस अस्पेरा. अस्पेरा म्हणजे खरखरीत. दुसऱ्याचं ल्युकस सेफॅलोटस. सेफॅलोटस म्हणजे डोकंवाला. पहिलं विशेषण बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्डेनोव यानं निवडलेलं, दुसरं रोथ या दुसऱ्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं, १८२१ मध्ये. दोनशे वर्षांच्या अंतरानं आणि एकमेकांची गंधवार्ता नसताना तिघांचं बोट त्याच दोन खुणांवर पडलं होतं.

एक गोष्ट इथं स्पष्ट केली पाहिजे. मराठी पुस्तकांत तुंबा आणि कुंभा ही दोन्ही नावं दोन्ही झाडांना दिलेली आढळतात, आणि दुसऱ्या जिल्ह्यात कुणी उलटं सांगितलं तर तेही तिथं खरंच असेल. मी सांगतेय ते या एका शिवारापुरतं. शिवाय तुंबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बैराग्याच्या हातातला वाळक्या भोपळ्याचा तुंबा येतो. पहिल्या दिवशी माझाही तोच गोंधळ झाला होता. पण झाडाचं हे नाव दक्षिणेकडे दूरवर गेलेलं आहे. कन्नडमध्ये तुंबे, तमिळमध्ये तुंबै, मल्याळममध्ये तुंबा. कर्नाटकात ही फुलं शंकराला वाहतात. केरळात ओणमच्या फुलांच्या रांगोळीत त्यांना मान आहे, आणि भात मोकळा नि पांढराशुभ्र झाला की तो तुंब्याच्या फुलासारखा झाला म्हणतात. आपल्याकडे आंबेमोहोराच्या भातावर मी ही उपमा एकदा वापरून बघितली. घरात कुणाला कळली नाही; फूल कुणी पाहिलेलंच नव्हतं.

भाजी मात्र आपल्याकडे होते. कुंभ्याचे कोवळे शेंडे आषाढात, फुलावर यायच्या आधी खुडायचे. मावशी ती उकळत्या पाण्यातून काढून पिळून घेतात, मग लसूण, हिरवी मिरची, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून परततात. किंचित कडू लागते. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर तो कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो आणि मग हवासा वाटायला लागतो. तुंब्याच्या पानांचा रस अर्धशिशीवर नाकात घालतात, विंचवावर लावतात, सापावरही सांगतात. मी यातलं काही कुणाला करा म्हणणार नाही. साप चावला तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठायचा, झाड शोधत बसायचं नाही.

इथवर जे सांगितलं त्यात सगळीकडे फूल आहे. पुस्तकाला फूल लागतं, मला फूल लागत होतं. पण खुरपणीला फूल नसतं. पेरणीनंतर अठरा-वीस दिवसांनी पहिली खुरपणी होते. बाजरी तेव्हा बोटभर-वीतभर असते आणि तण दोन-चार पानांचं. ना गेंद, ना ओठ, ना पेला. तरी मावशींचा हात कुठंही अडत नाही. मुगाचं रोप राहतं, शेजारचं जातं. मध्येच एखादा तांदुळजा खुडून ओच्यात पडतो. मी त्यांच्या शेजारी बसून हे कसं होतं हे शिकायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच ओळीत मुगाची पाच रोपं उपटली. "कशावरून ओळखता?" असं विचारलं तर त्या थांबून रोपाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "दिसतंय की." त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. ते ज्ञान जिभेवर कधी आलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आषाढात मी त्यांना एक गोष्ट मागितली. बारा रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलू, तुम्ही प्रत्येकाचं नाव सांगा, मी ती पुण्याला नेऊन वाढवते, फुलं आली की बघू. त्यांना ही कल्पना आवडली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेतल्या, बारा चिठ्ठ्या केल्या. सहा रोपांना त्या तुंबा म्हणाल्या, चारांना कुंभा. अकरावं मी निवडलं होतं आणि मला ते तुंबाच वाटलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, पान चुरलं आणि माझ्यापुढं केलं. "ओसाडी. वास घ्या." शेळीच्या अंगाला येतो तसा वास. मग देठ फिरवून बघितला, गोल होता. ओसाडीलाही समोरासमोर पानं असतात, लव असते. पण कुळ सूर्यफुलाचं.

बारावं रोप बांधाजवळचं होतं. मावशींनी ते उचललं, उलटंसुलटं केलं, खाली ठेवलं, परत उचललं. "ह्यो मला ठावं न्हाय," म्हणाल्या. दोन वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मी चिठ्ठीवर काही न लिहिता ती तशीच कोरी खोचली आणि रोपाचा जवळून एक फोटो काढून ठेवला.

पिशव्या पुण्यात बाल्कनीच्या कठड्याशी ओळीनं लागल्या. शनिवारी रानात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "आली का फुलं?" जाऊबाईंनाही उत्सुकता लागली होती. भाद्रपदात एक तुंबा आणि एक कुंभा मेला, पाणी माझ्याकडून जास्त झालं. बाकीच्यांना आश्विनापर्यंत फुलं आली. पाच तुंब्यांचे पाच पेले तिरके, तीन कुंभ्यांची तीन डोकी गोल. ओसाडीला तिची निळसर पांढरी झुबकेदार फुलं. एकही चिठ्ठी बदलावी लागली नाही.

याच काळात शेजारच्या रानात फवारणी सुरू झाली. बाजरीत रुंद पानांच्या तणावर चालणारं टू-फोर-डी हे तणनाशक. आठवड्याभरात सगळं तण पिळवटून वाळलं. शेजाऱ्यांचं मला कळतं. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर दिवसभर वाकून त्यांच्या कमरेची दोरी होते, आणि पाऊस लागून राहिला तर तण कुणाची वाट बघत नाही. मी त्यांना चुकीचं म्हणत नाही. पण त्या वाळलेल्या ओळींकडे बघताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. फवाऱ्याला ओळख लागत नाही. तुंबा, कुंभा, माका, तांदुळजा, कुणाचंही नाव माहीत नसलं तरी ते मरतात. खुरप्याला मात्र दर रोपापाशी ठरवावं लागतं की हे कोण. मावशींच्या हातातली ती ओळख पन्नास पावसाळ्यांच्या खुरपणीनं तयार झालेली आहे आणि त्यांच्या सुना कंपनीत कामाला जातात. जाव्यात, त्यांना महिन्याचा पगार मिळतो, पाठ मोडत नाही. ओळख कुणाकडे जाईल एवढाच प्रश्न माझ्यापुढं राहतो, आणि माझ्या वहीत ती मावत नाही हे मला दिसतं.

कोऱ्या चिठ्ठीचं रोप इतर सगळ्यांपेक्षा उंच झालं. कंबरेपर्यंत. देठ चौकोनी, पानं समोरासमोर, रुंद आणि मऊ. हात लागला तरी बाल्कनीभर उग्र वास. दिवाळीच्या सुमारास लहान जांभळट फुलं आली. दोन ओठांची. पेल्याला सुईसारखे पाच दात. तेव्हा ओळख पटली. रानतुळस, जिला काहीजण दर्पतुळस म्हणतात. मूळची उष्ण अमेरिकेतली, आता आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला, माळावर, जंगलाच्या तोंडाशी मैलोन्मैल दाटलेली. पूर्वी तिचं शास्त्रीय नाव हिप्टिस होतं, अलीकडे मेसोस्फेरम झालं. तिच्या बिया पाण्यात टाकल्या की सब्ज्यासारख्या फुगून बुळबुळीत होतात. हीदेखील त्याच कुळातली, वर्षायूच. बाकी सगळीकडे पसरली असली तरी या शिवारात ती नुकती येत होती. म्हणून मावशींच्या हाताला ती माहीत नव्हती.

कार्तिकात मी सगळ्या पिशव्या डिकीत घालून गावी नेल्या. मावशींच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. आपल्या चिठ्ठ्या बरोबर निघाल्या याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही; तुंबा तुंबाच होणार होता. भिंगातून टोपड्यावरची लोकर बघितली तेव्हा मात्र त्या "आगं बया" म्हणाल्या, आणि जाऊबाईंना हाक मारून बोलावलं. मग बाराव्या पिशवीपाशी येऊन बसल्या. पान चुरलं. वास घेतला, परत घेतला. देठ चिमटीत धरून फिरवला. पहिल्या वर्षी मी बाजरीत बसून तो तसा फिरवत होते हे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं की काय, मला माहीत नाही.

"ह्येचं बारीकपणीचं रूप दावा," त्या म्हणाल्या.

मी फोनवरचा फोटो काढला. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग मला तो मोठा करायला सांगितला. बराच वेळ बघत होत्या. एकदा फोटोकडे, एकदा समोरच्या कंबरभर झाडाकडे.

"बारीकपणी बी असलाच वास असतो का?"

मी तेव्हा बघितलं नव्हतं. तसं सांगितलं.

यंदा पाऊस लवकर लागला. जुलैच्या पहिल्याच शनिवारी मी पोचले तेव्हा खुरपणी अर्ध्या रानापर्यंत आली होती. मावशी बांधाच्या बाजूला होत्या. मला बघून त्यांनी खुरपं खाली ठेवलं, ओच्यातून चार पानांचं एक रोप काढलं, अंगठ्यानं चुरलं आणि माझ्या नाकापुढं धरलं.

"हाय की," म्हणाल्या.